सात घरची भाकर आणि चामड्याचा रूळ

नेरच्या जिनात मी पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा ते बंद होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मामा तिथे हमाल होता आणि तो नेहमी सांगायचा, जिन चालू असलं की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. राजूरहून दिवसभर मोटारीत बसून, दोन ठिकाणी मोटार बदलून, मी त्या आवाजाचीच वाट बघत आलो होतो. पण उन्हाळा होता. कापूस संपलेला. टिनाच्या त्या लांबलचक शेडमध्ये यंत्रं रांगेनं उभी होती आणि वर छपराच्या कैचीत कबुतरं घुमत होती, तेवढाच काय तो आवाज. हवेत अजून कापसाचं तूस तरंगत होतं, एरंडीच्या तेलाचा जुना वास होता, आणि मी मामाच्या मागे उभा राहून विचार करत होतो की एवढ्या यंत्रांना जागं करतं तरी कोण.

सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. पुढची शाळा वणीला, आणि तिथे राहायचं कुठे, खायचं काय, हा प्रश्न आमच्या घरी कुणी मोठ्यानं विचारलासुद्धा नाही. राजूरला दोनच धंदे होते, चुना नाहीतर कोळसा. एकानं माणूस पांढरा होई, दुसऱ्यानं काळा. बा चुनाभट्टीवर होता. त्याच्या हातांच्या भेगांत चुना बसलेला असे, आणि माय रात्री तिथे गोडं तेल चोळायची. मीही भट्टीवर जाणार हे ठरल्यासारखंच होतं, तेवढ्यात मामाचा निरोप आला की नेरात पोरं जिनात बसवून राह्यले, सुखदेवला पाठव. मी भित्रा पोरगा. पण भट्टीचं भय जास्त होतं, म्हणून आलो.

हे 'पोरं बसवणं' कसं सुरू झालं ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. जिनाचा फिटर दरवर्षी बाहेरगावाहून यायचा. आदल्या हंगामात तो आलाच नाही. यंत्रं बसली, आणि कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकापासून पार नदीपर्यंत उभ्या राहिल्या. बैलांना तिथेच चारा, माणसांच्या तिथेच चुली. तेव्हा चार माणसांनी डोकं लावलं. जिनाचे मॅनेजर, गावातले यंत्रांचे जुने मिस्त्री करीम उस्ताद, नामदेव पाटील आणि शाळेतले गुरुजी. बाहेरच्या फिटरची वाट बघण्यापेक्षा गावातलीच पोरं तयार का करू नयेत? मॅनेजरांनी शेड आणि यंत्रं मोकळी करून दिली, उस्तादांनी शिकवायचं कबूल केलं, गुरुजी संध्याकाळी माप घ्यायला आणि नकाशा वाचायला शिकवणार होते. आज याला योजना म्हणतात, फलक लावतात, पाहुणे बोलावतात. तेव्हा कुणी नारळसुद्धा फोडला नाही.

आम्ही चौघं होतो. नामदेव पाटलांचा वासुदेव, उस्तादांचा पुतण्या इम्तियाज, बंजारा तांड्यावरचा हरिलाल आणि मी. तिघांना घर होतं. मला मामाची एक खोली होती, तिच्यात आधीच सात जणं झोपत. झोपायला मी जिनातच राहीन, पण जेवायचं काय? त्यावर गुरुजींनी जुनी रीत काढली. त्यांच्या लहानपणी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. "विद्या शिकनाऱ्याले वार लावतात, मंग यंत्र शिकनाऱ्याले काहून नाही?" असं मॅनेजर म्हणाले म्हणे. ठरलं. सात दिवस, सात घरं.

मला आजही वाटतं की माझं खरं शिक्षण त्या सात घरांत झालं. एवढंसं गाव, पण प्रत्येक घरच्या वरणाची चव वेगळी. गुरुजींच्या घरी वरणात गूळ असे, तो मला पहिल्या दिवशी चुकून पडला असं वाटलं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या सखूमावशीकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. तिथे मी पोटभर जेवायचो, कारण तिथे भीती नव्हती. तांड्यावर हरिलालची याडी, म्हणजे त्याची आई, आरशांचे तुकडे टाचलेल्या ओढणीच्या आडून मला वाढायची आणि मी मान हलवेपर्यंत थांबायची नाही. मान कशी हलवली म्हणजे 'पुरे' होतं, हे कळायलाच मला दोन-तीन शनिवार लागले. उस्तादांकडे शुक्रवार. चाची पडद्यामागून विचारायची, "सुखदेव, तिखट लागलं का रे?" मी नाही म्हणायचो आणि नाक पुसायचो, आणि इम्तियाज तोंडात घास घेऊन हसायचा. पाटलांकडे बुधवार. तिथे माझी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी वेगळी होती आणि मी ओट्यावर बसायचो. वासुदेव आत जेवायचा. पाटलीणबाई माझ्या भाकरीवर तूप मात्र वासुदेवपेक्षा जास्त घालायच्या, हे वासुदेवच मला सांगायचा, तक्रार केल्यासारखं. थाळी मी धुवायचो आणि गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायचो. ते तूप आणि तो कोनाडा, दोन्ही एकाच बाईचे. त्यांची बेरीज कशी करायची ते मला तेव्हा जमलं नाही. या वयातही जमत नाही. पण त्या तुपाचे उपकार मी विसरलेलो नाही.

उस्तादांची शिकवण्याची पद्धत अशी की आधी यंत्र उघडायचं आणि मग गप्प बसायचं. "देखो," म्हणायचे, आणि विडी पेटवून बाहेर जायचे. परत आले की विचारायचे, "काय दिसलं बे?" जे दिसलं ते सांगायचं. मला विचारायला फार आवडे. प्रत्येक यंत्रात एक लांब रूळ असतो आणि त्याला लागून एक पोलादी पातं. रूळ फिरतो, कापसाचा धागा ओढून घेतो, पातं सरकीला अडवतं. धागा पलीकडे जातो, सरकी खाली पडते. पण रूळ धाग्याला धरतो कसा? त्याला ना दात, ना हात. मी एकदा रुळावर गाल टेकवून बघितलं. वासुदेव म्हणाला, "पाह्य बे, सुखदेवानं रुळाले पप्पी देल्ली!" तो खरखरीत होता. आणि त्याला वास होता. तो चामड्याचा होता.

चामड्याच्या गोल चकत्या कापायच्या, मधे भोक पाडायचं, लोखंडी दांड्यात एकावर एक ओवायच्या, दाबून घट्ट बसवायच्या, मग खरादावर, म्हणजे लेथवर, फिरवून सारख्या करायच्या. असा रूळ तयार होतो. हंगामात तो झिजतो, म्हणून उन्हाळ्यात सगळे रूळ नवे करावे लागतात. सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कंटाळवाणं काम.

पावसाळा लागायच्या सुमारास पाटलांच्या ओट्यावर मोठी माणसं बसली आणि त्यांनी आम्हा चौघांना कामं वाटून दिली. वासुदेवला इंजिन. इम्तियाजला खराद. हरिलालला वरचे पट्टे आणि तेलपाणी, कारण तो कैचीवर माकडासारखा चढायचा. आणि मला रूळ. "त्याच्या हाताले ते काम लवकर येईन," पाटील म्हणाले. मॅनेजरांनी मान डोलावली. गुरुजींनीही. उस्ताद विडीच्या धुरातून कुठेतरी बघत होते. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. ज्याच्या घरात जे होतं ते त्याला सोपं जाईल, असा त्यांचा हिशेब. माझ्यावर त्यांनी मेहेरबानीच केली होती, त्यांच्या मते.

फक्त माझ्या घरात ते उरलं नव्हतं. मी लहान असताना बानं दीक्षा घेतली. त्याआधी गावचं मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्याकडे होतं. दीक्षेहून आला त्या दिवशी त्यानं आम्हा भावंडांना ओळीनं बसवलं आणि सांगितलं, मेलेल्या ढोराला, त्याच्या कातड्याला, आजपासून या घरातला हात लागणार नाही. त्यानंतर राजूरच्या पाटलाचा बैल मेला तेव्हा गावातून बोलावणं आलं. बा गेला नाही. पुढचा महिनाभर आम्हाला गावात कुणी काम दिलं नाही. भट्टीवर तो त्यानंतरच लागला. मला कातडं कापता येणं सोडा, ते ओलं असताना कसं असतं हेही माहीत नव्हतं.

तरी मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं तर सात घरं बंद होतील आणि परतीची मोटार धरावी लागेल, एवढंच डोक्यात होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बघायचंही होतं. दात नसलेला रूळ धागा कसा धरतो, ते चामड्यातच कुठेतरी असणार. मी चकत्या कापायला बसलो. तिघं तीन यंत्रांवर आणि मी कोपऱ्यात, भिजवलेल्या चामड्याच्या ढिगापाशी. दिवसभरात हाताला वास असा बसे की सखूमावशीनं एकदा भाकर देता देता माझा हात धरला, हुंगला आणि सोडला.  तिच्याकडूनच ते मामाला कळलं असावं. मामा जिनात असूनही हमालीच्या बाजूला, त्याला शेडमधलं दिसत नसे. आणि मामा लग्नाला राजूरला गेला.

बा आला तो शुक्रवारी दुपारी. मी मान खाली घालून कापत होतो. समोर पायांची जोडी दिसली, भेगांत चुना बसलेली, आणि मी वर बघायच्या आधीच मला कळलं.

"काय करून राह्यला?" बानं विचारलं.

"रूळ, बा."

त्यानं ढिगाकडे बघितलं. मग इंजिनापाशी वासुदेवकडे, खरादापाशी इम्तियाजकडे, वर लटकलेल्या हरिलालकडे. एकेकाकडे बराच वेळ बघितलं. "चाल," म्हणाला. "बिस्तरा घे तुह्या."

उस्ताद पुढे आले. "भाऊ, बसा तं. पाणी प्या. इतक्या दूरून आले."

"पानी पितो. पन पोट्टा नेतो."

"काहून पन? चांगला पोट्टा हाय. हजार सवाल विचारते, पन हात साफ हाय त्याचा."

"हातासाठीच आलो मी," बा म्हणाला.

उस्तादांना कळलं. ते खाली ढिगापाशी बसले आणि स्वतः एक चकती उचलली. "भाऊ, हे मी बी कापतो. तीस साल झाले. याच्यात काय हाय? काम हाय."

"तुमी कापलं तं काम होते, उस्ताद. माह्या पोरानं कापलं तं जात होते." बा हळू बोलत होता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

उस्तादांनी चकती खाली ठेवली.  मग उस्ताद म्हणाले, "आज मोटर गेली आता. शुक्रवार हाय, सुखदेव माह्याच घरी जेवते. तुमी बी चला. सकाळी न्या."

चाचीनं त्या रात्री वांग्याची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. बा आधी अवघडून बसला होता, पण त्याचाही स्वभाव माझ्यासारखाच, किंवा माझा त्याच्यासारखा. त्याला विचारल्याशिवाय राहवेना. "रोजच इथं जेवतो?" मी सांगितलं, नाही, शुक्रवारी इथे. "मंग शनवारी?" तांड्यावर. "अन् बुधवारी?" पाटलांकडे. ओट्यावर, हेही सांगितलं. तो पोळी मोडत राहिला. "हे वार कोनं लावले?" उस्तादांनी सगळं सांगितलं; एका घरावर भार नको म्हणून सात घरं वाटून घेतली, कोण गरीब, कोण मोठं, हे बघितलं नाही. "अच्छं," बा म्हणाला. आणि पुन्हा थोड्या वेळानं, भाजी घेताना, "अच्छं."

रात्री मी झोपलो नाही. बिस्तरा बांधून ठेवला होता. परत भट्टी, असं मनात म्हणून बघत होतो. बा शेजारी घोरत होता.

सकाळी बातमी पसरल्यासारखी माणसं जिनात जमली. मॅनेजर आले, गुरुजी आले, नामदेव पाटील आले. पाटील म्हणाले, "सुखदेवचा बाप तू? काहून नेतं रे पोराले? काय कमी केलं आमी त्याले? आमच्या घरचं जेवते."

"जेवते, पाटील. त्याचे उपकार हायत," बा म्हणाला. "तेच इचारतो. पोट्टा सात घरी जेवते. एकाच घरानं त्याले पोसावं असं तुमी म्हनलं नाही. वार लावले. मंग चामडं एकाच पोट्ट्यानं काहून कापाचं? त्याचे वार कायले नाही लावले?"

कबुतरं घुमत होती. गुरुजी चष्मा पुसायला लागले. पहिले हसले ते उस्ताद. "या अल्ला," म्हणाले, "तीस साल का मिस्त्री मैं, और ये बात चुनाभट्टी से आयी!"

मॅनेजर म्हणाले, चौघांना चारही कामं आली तर बरंच आहे, एखादा आजारी पडला तर अडणार नाही. आता सगळे पाटलांकडे बघत होते, कारण वासुदेव पाटलांचा होता. पाटील मिशीवरून हात फिरवत राहिले. "वासुदेवची माय..." एवढं म्हणून थांबले. मग म्हणाले, "मी घरी इचारतो. उद्या पाहू."

"मी बी उद्यालोक पाह्यतो," बा म्हणाला. "मंग मोटर धरतो. एकटा का पोराले घेऊन, ते उद्याच."

तो शनिवार कसा गेला ते मला आठवत नाही. तांड्यावर बा माझ्यासोबत जेवला आणि त्यानं मान हलवली तरी याडी त्यालाही वाढतच राहिली, तेवढं आठवतं. तो परत येताना म्हणाला, "इथं तं मानूस जेवून मरन."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी ढिगापाशी एक पोतं अंथरलं आणि पहिला वार वासुदेवचा असं जाहीर केलं. आम्ही बसून राहिलो. वासुदेव रोज सगळ्यात आधी यायचा. त्या दिवशी इम्तियाजचा खराद सुरू झाला, हरिलालनं वरचे पट्टे उतरवले, ऊन दारातून आत सरकलं, तरी पोतं रिकामंच. बा दाराशी उकिडवा बसला होता. माझा बिस्तरा त्याच्या शेजारी होता. उस्तादांची विडी विझली होती आणि ते ती तशीच ओढत होते. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दाराकडेच बघत होतो.

आधी पाटील आले. त्यांच्यामागे वासुदेव, डोळे लाल, घरात रडारड झाल्यासारखे. "याच्या मायनं म्हनलं," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "येता येता हिरीवर आंघोळ करून याचं, तवाच घरात. मी म्हनलं, बरं हाय, पोट्ट्याच्या अंगाले पानी तं लागंन." आणि मग एक बाक पुढे ओढून माझ्या बापाच्या दिशेनं वळले. "दारात काहून बसले? बसा इथं."

बा उठला नाही. "इथूनच चांगलं दिसते," म्हणाला.

वासुदेव पोत्यावर बसला. मी त्याला सुरी कशी धरायची ते दाखवलं. त्यानं एक चकती कापली, ती चंद्रासारखी कलती झाली. दुसरी कापली. मग हात नाकापाशी नेला आणि त्याचा चेहरा असा झाला की खरादावरून इम्तियाज ओरडला, "काय पाटील, अत्तर लावलं का?" हरिलाल वरून हसता हसता पडायचा राहिला. वासुदेवही शिवी घालून हसला. आणि मला दाराशी एक आवाज ऐकू आला, जो मी फार दिवसांत ऐकला नव्हता. बा हसत होता.

पाटलांच्या घरी पुढेही मी ओट्यावरच जेवलो. ते तसंच राहिलं; सगळं एका सकाळीत बदललं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा इंजिनाला हात लावला. बा ते बघायला आत आला, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला आणि विचारत राहिला, हे काय, ते कायले, हे फिरलं नाही तं काय होते. मला अर्धंच सांगता आलं. बाकीचं उस्तादांनी सांगितलं.

दुपारी मी त्याला मोटारीवर सोडायला गेलो. त्याच्या हातात त्याचीच पिशवी होती. मोटार सुरू झाली तेव्हा त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुह्या दिवस कोन्ता? चामड्याचा?"

"बेस्तरवार, बा." गुरुवार आला होता माझ्या वाट्याला.

"त्या दिवशी बिमार पडू नको," तो म्हणाला.